दोन्ही बाजूंना एकच डाग

वहिनी आधी लग्नांचे फोटो काढायची. लग्नातली माणसं हलतात, नेमक्या क्षणी डोळे मिटतात, आणि फोटो हातात आल्यावर आपण जाड दिसतो म्हणून फोटोवालीलाच बोल लावतात. पुढे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिने ते काम सोडलं आणि नाण्यांकडे वळली. नाणं हलत नाही, लाजत नाही, पोट आत ओढून उभं राहत नाही. तक्रार करतात ती नाणी बघणारी माणसं, पण ती लांब कुठेतरी आपापल्या घरी बसलेली असतात.

खरं तर तिला वहिनी म्हणणारा तिचा दीर एकटाच. पण त्याची हाक जिन्यातून वर येता येता सगळ्या मजल्यांवर ऐकू जायची, त्यामुळे इमारतीतल्या लहानथोरांची ती वहिनीच होऊन गेली. नवरा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता, वर्षातले बरेचसे महिने पाण्यावर. घरात ती, सासूबाई आणि दीर. दिराला सगळे बारक्या म्हणत. तो आता तिशीचा होता, दारातून वाकून आत यावं लागेल इतका उंच होता, तरी बारक्याच. लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा.

नाणी यायची काकांकडून. काका जुनी नाणी विकत. आधी नुसती दुकानात, आता बरीचशी इंटरनेटवर. विक्रीच्या आधी आठवडाभर सगळ्या नाण्यांचे फोटो वेबसाइटवर लावायचे, लोकांनी ते मोठे करकरून बघायचे, प्रश्न विचारायचे आणि मग बोली लावायची, असा तो मामला. "पोरी, गिऱ्हाईक आधी तुझा फोटो विकत घेतं," काका म्हणायचे, "नाणं नंतर पोचतं."

प्रश्न विचारणाऱ्यांत एक महाशय होते. त्यांचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. नावाच्या जागी त्यांनी भिंगाचं चित्र लावलं होतं, म्हणून वहिनी त्यांना भिंगवाले म्हणायची. भिंगवाले बोली क्वचित लावत, पण शंका रोज काढत. कडेवरची ही रेघ ओरखडा आहे की केस? मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा गडद का? त्यांचा प्रश्न आला की वहिनी आधी डोक्याला हात लावायची आणि मग उत्तर द्यायची. काकांची सक्त ताकीद होती की उत्तर द्यायचंच, आणि गोड शब्दांत.

कामाची खोली घराच्या मागच्या बाजूला होती. खिडकीला काळा कपडा, मध्ये टेबल, टेबलावर उभा लोखंडी खांब आणि त्याला खाली तोंड करून टांगलेला कॅमेरा. दोन्ही अंगांना दिवे. लेन्सच्या शेजारी, खांबालाच, एक चिमटा लावलेला होता आणि त्यात पांढरा पुठ्ठा तिरका अडकवायची सोय होती. दिव्याचा उजेड पुठ्ठ्यावर पडून खाली नाण्यावर मऊ होऊन उतरायचा. चकचकीत नाण्याला तर पुठ्ठ्याशिवाय गत नाही. ते आरशासारखं असतं. वर जे असेल ते दाखवतं. पांढरं धरलं तर उजळतं, काही धरलं नाही तर कॅमेऱ्याचं काळं तोंड दाखवतं. बारीक नाणी मात्र ती टेबलावर ठेवायची नाही. पोस्टर चिकटवायला मिळतो ना, त्या मऊ चिकट गोळ्याचा कणभर तुकडा नाण्याच्या पाठीला लावून ते एका खिळ्याच्या टोकावर बसवायची. म्हणजे नाणं अधांतरी उभं राही आणि मागचं सगळं धूसर होऊन जाई.

त्या मंगळवारी ट्रेमध्ये एक सोन्याचं नाणं होतं. शर्टाच्या बटणाएवढं, आणि कागदासारखं पातळ. ते एका निवृत्त सुईणबाईंचं होतं. आयुष्यभर इस्पितळात बाळंतपणं केली, त्यातल्या कुठल्याशा अवघड रात्रीनंतर बाळाच्या आजोबांनी ते त्यांच्या मुठीत ठेवलं होतं. आता बाईंच्या दोन मुली होत्या आणि नाणं एक. "अर्धं करून देता येत नाही," असं म्हणून त्यांनी ते काकांकडे विकायला दिलं होतं. चमक साधीच, पण असं नाणं काकांनी स्वतः आयुष्यात दुसऱ्यांदाच पाहिलं होतं. तेव्हा वहिनीने ते हातात घेण्याआधी दोनदा हात धुतले.

दोन्ही बाजूंचे फोटो नीट निघाले. शेवटचा फोटो झाला आणि तेवढ्यात फोन वाजला. जहाजावरून नवऱ्याचा फोन यायचा तो किनारा जवळ असेल तेव्हाच, आणि घेतला नाही तर पुन्हा कधी लागेल याचा भरवसा नाही. तिने फोन घेतला आणि रेंज चांगली मिळते म्हणून पुढच्या गॅलरीत गेली. नवरा खुशीत होता. तिकडे कुठल्या तरी बंदरात त्याला स्वस्तात मोठं पातेलं मिळालं होतं आणि त्याचंच कौतुक तो सांगत राहिला. ती हसत परत आली, पुठ्ठा चिमट्यात अडकवला आणि पुढचं नाणं घेतलं. ते चांदीचं, तळहाताएवढं मोठं, आरशासारखं. मग तांब्याची काळवंडलेली पाच-सहा झाली. फोटो तिने काकांकडे पाठवून दिले आणि संध्याकाळी ट्रे आवरायला घेतला. एकेक नाणं आपापल्या प्लास्टिकच्या पाकिटात होतं. सोन्याच्या नाण्याचं पाकीट रिकामं होतं.

आधी तिला वाटलं, पाकीट चुकलं असेल. मग सगळी पाकिटं दोनदा बघितली. मग ती टेबलाखाली गेली, आणि तिथे गुडघ्यावर बसल्या बसल्या तिच्या तोंडचं पाणी पळालं.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय गं, काय पडलं?"

"नाणं, आई. सोन्याचं."

सासूबाईंनी पदर खोचला आणि त्याही खाली बसल्या. दोघींनी सतरंजी उलटी करून झटकली. टेबलाचे खण बाहेर काढले. फरशीच्या फटीतून विणायची सुई फिरवली. कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर ओतला, आणि धूळ ओढायच्या यंत्राची पिशवी फोडून त्यातली राखाडी पूड सासूबाईंनी पिठाच्या चाळणीने चाळली. त्यातून एक हरवलेलं कानातलं निघालं, दोन पिना निघाल्या, नाणं नाही.

बारक्या कामावरून आला तेव्हा दोघींच्या केसांत धूळ होती. त्याने ऐकून घेतलं, पायातले बूट काढून टॉर्च घेतला आणि आडवा होऊन कपाटाखाली बघितलं. मग उठून बसला.

"दुपारी मी आलो होतो," तो म्हणाला. "तुम्ही गॅलरीत दादाशी बोलत होतात. माझा चार्जर तुमच्या खोलीत राहिला होता, तो घेऊन गेलो."

तसं त्यात वावगं काही नव्हतंच. माणूस आपल्याच घरातल्या खोलीत जातो, चार्जर घेतो, जातो. पण मध्ये दोन वर्षं अशी होती की बारक्या जुगाराच्या नादी लागला होता, आणि त्या काळात एक दिवस सासूबाईंची सोन्याची बांगडी कपाटातून गेली होती. ती त्यानेच नेली, त्यानेच विकली, आणि महिन्याभराने त्यानेच रडत कबूल केलं. त्याला आता बराच काळ लोटला होता. जुगार सुटला होता, नोकरी टिकली होती, घरात तो विषय कुणी काढत नव्हतं. विषय न काढणं आणि विसरणं या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या संध्याकाळी तिघांनाही एकदमच कळलं.

"कुणी कुठे पाय ठेवला असेल, चपलेला लागून गेलं असेल," वहिनी म्हणाली. चपला, बूट सगळे तपासून झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तोंड धुवायला उठली तर न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं होतं. आत सासूबाई बारक्याची कामाची पँट घेऊन बसल्या होत्या. खिसे उलटे करून झाले होते, आता त्या शिवणीवरून बोटं फिरवत होत्या, हळूहळू, तांदूळ निवडावेत तशा. वहिनीची चाहूल लागली तशा थांबल्या.

"धुवायला टाकायचे कपडे," त्या म्हणाल्या.

वहिनी दारातच उभी राहिली.

"काही नाहीये," सासूबाई म्हणाल्या. मग पँट मांडीवर सरळ केली. "मी आई आहे म्हणून बघितलं. तू बघितलं असतंस तर मला राग आला असता."

"मी बघणार नव्हते, आई."

"ते मला माहीत आहे. म्हणून तर मी बघितलं."

वहिनी बघणार नव्हती हे खरं, पण तिच्या मनात आलं नव्हतं असं नाही. रात्रभर आलं होतं. ती मनातल्या मनात बारक्याला खोलीत शिरताना बघत होती, टेबलापाशी थांबताना बघत होती, आणि दर वेळी त्याचा हात पुढे जाण्याआधी ती दुसरीकडे मान वळवत होती. ती लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत होता. पहिल्या दिवशी तिला पाण्याचा तांब्या आणून देताना अर्धं पाणी तिच्याच साडीवर सांडलं होतं आणि तो पलंगाखाली लपून बसला होता. विचारावं तर काय शब्दांत विचारायचं? एकदा तोंडातून गेलेला शब्द पुन्हा पाकिटात घालता येत नाही. बोलून मोकळं व्हावं असंही वाटे, आणि जिभेवर दगड ठेवून बसावं असंही.

दुपारी बारक्या जेवायला घरी आला. तो जेवायला बसला नाही. हत्यारांची पिशवी त्याने टेबलावर उपडी केली. पाने, पक्कड, तारांची भेंडोळी, स्क्रूच्या डब्या, अर्धा बिस्किटाचा पुडा. मग पैशांचं पाकीट काढून त्यावर ठेवलं. मग खिसे उलटे केले.

"बघून घ्या दोघींनी," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "माझ्या खोलीचं कपाटही उघडंच ठेवलंय."

सासूबाई भिंतीकडे बघत राहिल्या.

"उचल ते सगळं," वहिनी म्हणाली. "जेवायचं टेबल आहे. त्यावर ग्रीस लागलं तर निघत नाही."

त्याने उचललं. मग तिघं जेवले. म्हणजे ताटं वाढली आणि चिवडून ठेवली. तो गेल्यावर वहिनीने काकांना फोन केला. बोलायचं बरंच ठरवून ठेवलं होतं, पण एवढंच बाहेर पडलं, "काका, सुईणबाईंचं नाणं माझ्याकडून हरवलंय."

काका म्हणाले, "उद्या सकाळी येतो. तोवर घर झाडू नकोस."

काका आले ते जिना चढून धापा टाकतच. जाडजूड देह, खिशात कायम भिंग, आणि एरवी दारातूनच काहीतरी थट्टा करत यायची सवय. त्या दिवशी ते आले, खुर्चीत बसले आणि सासूबाईंनी दिलेला चहा त्यांनी शेवटपर्यंत पिऊन घेतला. मग म्हणाले, "सांग."

तिने सांगितलं. फोन आला इथपासून ते चाळणीपर्यंत. बारक्या खोलीत येऊन गेला हेही सांगितलं, कारण लपवलं असतं तर ते संशय घेण्यापेक्षा वाईट झालं असतं. सांगताना सासूबाईंकडे मात्र बघितलं नाही.

"पोरी, मी इतकी वर्षं हा धंदा करतोय," काका म्हणाले. "दुकानात एकदा एक नाणं माझ्याच टोपीच्या घडीत गेलं होतं. ते दोन महिन्यांनी सापडलं, तोवर मी सगळ्या जगाला चोर समजत होतो. आता मी कुणाला काही समजत नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "पण बाईंना आज सांगावं लागेल. विक्री तोंडावर आली. मी सांगतो त्यांना, माझ्या हातून गेलं म्हणून."

"तुमच्या हातून नाही गेलं."

"मी म्हातारा आहे. म्हाताऱ्याच्या हातून वस्तू पडतात, लोक समजून घेतात."

"मी येते," वहिनी म्हणाली. "मीच सांगेन. तुम्ही नुसते शेजारी बसा."

ती साडी बदलायला उठली. बाकीची नाणी काकांबरोबर परत न्यायची होती, म्हणून आधी ट्रे बाहेर आणला. तेवढ्यात काकांच्या फोनवर टिंग असा आवाज झाला. काकांनी चष्मा कपाळावर नेऊन बघितलं आणि नाक मुरडलं.

"तुझे भिंगवाले."

"आता काय म्हणणं आहे त्यांचं?"

"म्हणतात, चांदीच्या मोठ्या नाण्यावर पिवळसर डाग आहे, वर्णनात त्याचा उल्लेख नाही, ही दिशाभूल आहे." काकांनी फोन लांब धरला. "आणि पुढे म्हणतात, दोन्ही बाजूंना अगदी त्याच जागी डाग कसा, याचा खुलासा करावा."

वहिनीला त्या क्षणी भिंगवाल्यांना भिंगासकट समुद्रात बुडवावंसं वाटलं. तरी सवयीने तिने ट्रेमधून चांदीचं नाणं काढलं, कडेला धरून खिडकीपाशी नेलं. डाग नव्हता. उलटं केलं. मागेही नव्हता. नाणं आरशासारखं स्वच्छ होतं, त्यात खिडकीचे गज दिसत होते.

"काका, डाग नाहीये."

"मग फोटोत आहे का?"

ती खोलीत गेली आणि संगणक सुरू केला. फोटोत होता. चेहऱ्याच्या नाकासमोर, कडेच्या जरा आत, एक मऊ पिवळा ठिपका, पाण्यात हळदीची चिमूट पडावी तसा धूसर. मंगळवारी तो तिने पाहिलाही होता. जुनी चांदी अशी पिवळी पडते, म्हणून त्याकडे काणाडोळा केला होता. तिने मागच्या बाजूचा फोटो लावला. तिथे लेख होता, वेलबुट्टी होती, आणि नेमक्या त्याच जागी तोच ठिपका.

ती त्या दोन फोटोंकडे बघत बसली. नाण्यावरचा डाग नाणं पलटलं की खाली जातो. हा जागचा हलला नव्हता. म्हणजे तो नाण्याचा नव्हताच. नाणं त्याला फक्त दाखवत होतं.

तिने दिवे लावले, चांदीचं नाणं टेबलावर ठेवलं आणि पडद्यावर बघितलं. ठिपका होता. नाणं बोटाने थोडं फिरवलं. चेहरा फिरला, ठिपका तिथेच. पुठ्ठा आणि नाणं यांच्या मध्ये हात धरला. ठिपका गेला.

काका आणि सासूबाई दारात येऊन उभे होते, त्यांच्याकडे तिचं लक्षच नव्हतं. तिने गाल टेबलाला टेकवला आणि नाण्याच्या जागेवरून वर बघितलं. तिरक्या पुठ्ठ्याच्या खालच्या अंगाला, लेन्सच्या अगदी लगत, सोन्याचं एवढंसं नाणं पाठीच्या चिकट गोळीने चिकटून बसलं होतं आणि दिव्यात चमकत होतं.

ती टेबलावर गाल टेकवून तशीच राहिली.

"काय झालं गं तुला?" सासूबाई घाबरल्या.

"इथे या, आई. इथून वर बघा."

सासूबाई वाकल्या. काका वाकू शकत नव्हते, त्यांनी भिंग काढून ते उगाचच हातात धरलं. मग वहिनीने पुठ्ठा चिमट्यातून अलगद सोडवला आणि उलटा करून त्यांच्या समोर धरला. काकांनी भिंगातून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"शाबूत आहे," ते म्हणाले आणि तिथल्या स्टुलावर बसले. "अगदी शाबूत आहे."

आता तिला सगळं आठवलं. फोन आला तेव्हा तिने नाणं खिळ्यावरून काढून टेबलावर पालथं ठेवलं होतं, चिकट गोळी वर राहील असं. आणि आपण नसताना धूळ बसू नये म्हणून वर पुठ्ठा झाकला होता. परत आल्यावर पातेल्याच्या गोष्टीवर हसत हसत पुठ्ठा उचलला, चिमट्यात अडकवला, खाली टेबल रिकामं दिसलं, आणि मनाने गृहीत धरलं की नाणं पाकिटात गेलंय. खोलीतली एकूण एक वस्तू त्यांनी हलवली होती, पण हरवलेलं खाली शोधायचं ही माणसाची खोड; वर कुणी बघितलंच नाही.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा जीव असा भांड्यात पडला होता की त्या हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. मग एकदम थांबल्या. "बारक्याला फोन लाव. आधी त्याला सांग."

वहिनीने फोन लावला. मागे कुठेतरी लोखंड ठोकल्याचा आवाज घुमत होता.

"बारक्या, नाणं सापडलं."

ठोकणं सुरूच होतं.

"ऐकू आलं का? माझ्या पुठ्ठ्यालाच चिकटलं होतं. माझ्याच हाताने गेलं, माझ्याच खोलीत होतं."

"हो. आलं ऐकू," तो म्हणाला. "थांबा, मी जरा बसतो."

"कुठे बसतोस? कुठे आहेस?"

"लिफ्टच्या डोक्यावर."

"मग नीट धरून बस बाबा."

"धरलंय," तो म्हणाला. मग पुन्हा, "धरलंय, वहिनी."

सुईणबाईंकडे जायची गरज उरली नाही. काकांनी दुसरा चहा मागितला, आणि या वेळी साखर जास्त घाला म्हणाले. चहा पिता पिता त्यांनी भिंगवाल्यांना उत्तर लिहायला घेतलं. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. शेवटी फोन वहिनीकडे दिला. तिने लिहिलं, 'नाण्यावर डाग नाही, फोटोत दुसऱ्या वस्तूचं प्रतिबिंब पडलं होतं. चूक आमची. तुम्ही विचारलंत म्हणून कळलं. मनापासून आभार.' थोड्या वेळाने उत्तर आलं: 'ठीक. नवीन फोटो लावावेत.'

"बस, एवढंच?" सासूबाई म्हणाल्या.

"त्यांना काय माहीत त्यांनी काय केलंय," काका म्हणाले. "आणि सांगूही नका. नाहीतर रोज दहा प्रश्न विचारतील."

जाताना त्यांनी सोन्याचं नाणं स्वतःच्या हाताने पाकिटात घातलं, पाकीट डबीत, डबी आतल्या खिशात, आणि जिना उतरताना प्रत्येक वळणावर खिशावर हात ठेवून बघितलं. चांदीचं नाणं मात्र नव्या फोटोसाठी मागे राहिलं.

बारक्या त्या दिवशी लवकर आला. हातपाय धुऊन तो खोलीच्या दारात उभा राहिला. वहिनी चांदीचं नाणं मांडत होती.

"आत ये," ती म्हणाली. "हा पुठ्ठा धर. चिमट्यावरचा माझा विश्वास उडालाय."

तो आत आला. दोन्ही हातांनी पुठ्ठा धरून उभा राहिला. ती पडद्यावर बघत त्याला सांगत होती, जरा डावीकडे, जरा खाली, तसाच. नाणं हळूहळू उजळत गेलं, कडेपासून कडेपर्यंत, एकही ठिपका नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "तुम्हाला वाटलं होतं ना?"

ती कॅमेऱ्याचं बटण दाबायची थांबली. नाही म्हणणं सोपं होतं. पण नाही म्हटलं असतं तर त्याला ते खोटं आहे हे कळलंच असतं.

"वाटलं होतं," ती म्हणाली.

"मग विचारलं का नाही?"

"तू नाही म्हणाला असतास. आणि त्यानंतर मी तुझ्याशी काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं. नाणं गेलं तर गेलं, काकांची माफी मागून काही ना काही मार्ग निघाला असता. दीर गेला असता तर दुसरा कुठून आणायचा?"

पुठ्ठा किंचित हलला आणि पडद्यावरचं नाणं काळवंडून पुन्हा उजळलं.

"मलाही वाटलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"मीच घेतलं की काय असं. खरंच सांगतो. रात्री उठून दोनदा स्वतःचे खिसे तपासले. म्हटलं, पूर्वीची सवय, हात परस्पर गेला असेल आणि आपल्याला पत्ताच नसेल." तो हसला, पण हसू जरा ओलं होतं. "दुसऱ्यांदा तपासताना आईने बघितलं. ती काही न बोलता परत जाऊन झोपली. मला वाटलं, आता तिची खात्रीच पटली."

"तिने सकाळी तुझी पँट तपासली."

"माहीत आहे. खिसे उलटेच ठेवून दिले होते तिने."

यावर दोघंही हसायला लागले. बारक्याला हसताना पुठ्ठा धरवेना, तेव्हा वहिनीने त्याच्याकडून तो काढून घेतला, दोन्ही बाजू नीट बघितल्या आणि बाजूला ठेवला.

"काय धिंगाणा चाललाय?" बाहेरून सासूबाईंनी विचारलं.

"काम चाललंय, आई."

"कामाचा आवाज असा असतो होय? आणि परवापासून कुणी धड जेवलेलं नाही. मी पोळ्या टाकतेय, येऊन गरम खा. दोघंही."

बारक्याने पुठ्ठा पुन्हा धरला आणि दोन्ही बाजूंचे फोटो झाले. वहिनीने नाणं पाकिटात घातलं, पाकीट बंद केलं, बारक्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "कपाटात ठेव, वरच्या खणात. किल्ली तिथेच लटकतेय."

त्याने ठेवलं, खण लावला, किल्ली फिरवली. तोवर तिने दिवे बंद करून खिडकीवरचा काळा कपडा उतरवला. बाहेर अजून चांगला उजेड होता. समोरच्या इमारतीत कुणीतरी गाद्या उन्हात घालून आता त्या आत ओढत होतं, आणि खाली रस्त्यावर एक बाई सायकल शिकत होती, पडत होती, पुन्हा चढत होती. वहिनी हात खिडकीच्या चौकटीवर टेकवून ते बघत राहिली. पोळ्यांचा वास खोलीत आला तशी तिला सपाटून भूक लागली.